गिरणीला एक बोट ग्रीस

प्रवासाला निघताना लोक सोबत काय घेतात ते मला ठाऊक आहे, कारण माझी बायको ते सगळे दर वेळी माझ्या बॅगेत भरते आणि मी ते न वापरता परत आणतो. मी स्वतः घेतो त्या वस्तू तीनच: तेलाचे नमुने घ्यायच्या बाटल्या, हातभर लांबीचा एक स्क्रूड्रायव्हर आणि जुन्या धोतराच्या पांढऱ्या चिंध्या. तीस वर्षे मी वंगणाच्या धंद्यात आहे. कुठल्या यंत्राला कुठले तेल, कुठल्या बेअरिंगला किती ग्रीस आणि किती दिवसांनी, एवढे मला विचारावे. त्यापलीकडे माझी मते फारशी नाहीत. माणसांपेक्षा यंत्रे बरी, ती विनाकारण आवाज करत नाहीत, हे एक मत आहे आणि ते घरात सर्वांना पाठ आहे.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी पहाटेच पुणे सोडले. काम महाडच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या एका कारखान्यात होते. ताम्हिणी घाटात धुके होते आणि पुढच्या ट्रकच्या मागच्या चाकातून बेअरिंग कोरडे पडल्याचा करकराट येत होता. मी दोनदा हॉर्न देऊन ड्रायव्हरला चाकाकडे बोट दाखवले. त्याने हात हलवून मला पुढे जायला सांगितले. माणगावला गोव्याच्या रस्त्याला लागलो, तिथल्या गर्दीत अर्धा तास गेला, आणि दहाच्या सुमारास महाडच्या एसटी डेपोजवळच्या लॉजवर पोचलो.

महाडला मी वर्षाकाठी एक-दोनदा येतो, त्यामुळे गाव पाहायचे असे काही राहिलेले नाही. तरी सकाळी चवदार तळ्याला एक फेरी मारतो. तळ्याकाठी त्या वेळी शाळेत निघालेल्या शिक्षिका, कोर्टाच्या कामाला लवकर आलेले पक्षकार आणि व्यायाम करणारे दुकानदार असतात. बाजारातल्या भिंतींवर पुराच्या पाण्याची रेघ अजून कुठेकुठे दिसते. ज्या हॉटेलात मी कांदेपोहे खातो, त्याच्या मालकाने ती रेघ रंगात झाकली नाही. गिऱ्हाईक विचारते, म्हणून ठेवली, म्हणतो. पोह्यांवर ओले खोबरे मात्र सढळ हाताने घालतो.

कारखान्यात माझ्या दिमतीला रामचंद्र असतो. हा तिथला फिटर, वय पंचेचाळीसच्या आसपास, मूळ पोलादपूर तालुक्यातला, उमरठच्याही पुढच्या एका डोंगरवाडीतला. दहा वर्षांच्या ओळखीत त्याने माझ्याशी यंत्रांखेरीज काही बोलल्याचे आठवत नाही, म्हणून तो मला आवडतो. आम्ही दोन दिवस गिअरबॉक्स तपासले. स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर (त्याच्या बाहेरच्या लोखंडी कवचावर) टेकवायचे, मुठीला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. चांगले बेअरिंग गुणगुणते, खराब झालेले दळण दळते. त्यातले एक दळत होते. मी तेलाचे नमुने भरले आणि झाकणे घट्ट लावली, निदान मला तसे वाटले.

शुक्रवारी दुपारी हात धुताना रामचंद्र म्हणाला, "सर, एक घरगुती काम होतं. मशीनचंच आहे."

"सांग की."

"आमच्या वाडीत हलर आहे, भात भरडायचा. वाडीच्या मुंबई मंडळानं घेतलेला. दोन वर्षांत तीनदा बेअरिंग गेलं. गिरणी माझी वहिनी चालवते. मंडळ म्हणतं, ती तेल देत नाही. रविवारी मीटिंग आहे, तिच्याकडून चावी काढून घेणार."

"देते का ती तेल?"

"ती म्हणते देते. पण सर, मी स्वतः उघडून पाहिलं. बेअरिंग तिन्ही वेळा कोरडं होतं." त्याने नळ बंद केला. "मी तिच्या बाजूनं काय बोलू, ते मला समजत नाही."

शनिवारी मी परत निघणार होतो. कोरड्या बेअरिंगला मात्र मी नाही म्हणू शकत नाही.

शनिवारी सकाळी माझ्या गाडीतून निघालो. पोलादपूरच्या नाक्यावर वडापाव खाल्ला. समोरून कशेडी घाट उतरून आलेले ट्रक रांगेने उभे होते आणि त्यांच्या तापलेल्या ब्रेकचा वास चटणीत मिसळत होता. तिथून गाडी आत वळवली. उमरठच्या पुढे रस्ता अरुंद होत गेला. भाताची कापणी होऊन खाचरे मोकळी झाली होती, काहींत उरलेल्या ओलीवर वाल पेरलेला होता, आणि घरांच्या मागे उडव्या (पेंढ्यांच्या रचलेल्या गोल राशी) उभ्या होत्या. अर्ध्या घरांना कुलपे होती. रामचंद्र एकेका कुलपाकडे बोट दाखवून सांगत होता: हे डोंबिवलीला, हे नालासोपाऱ्याला, हे घाटकोपरला. शेवटच्या चढावर गाडीने दम टाकला, म्हणून ती एका फणसाखाली लावून चालत वर गेलो.

गिरणी म्हणजे वाडीच्या तोंडाशी पत्र्याची एक खोली. आत काळा ओतीव हलर, वरून भात ओतायला नरसाळ्यासारखे तोंड, खाली लोखंडी लाट (भात भरडणारा फिरता रूळ), बाजूला मोटार आणि दोघांना जोडणारा रुंद पट्टा. खोलीत सगळीकडे कोंडा होता, पण यंत्र पुसलेले होते, हे मी लगेच पाहिले. यंत्र पुसणारा माणूस सहसा तेल द्यायला विसरत नाही.

सुगंधाबाई दारातच उभ्या होत्या. रामचंद्राच्या थोरल्या भावाची बायको, पन्नाशीच्या. भाऊ मुंबईत बसच्या डेपोत होता, चार वर्षांपूर्वी वारला. गिरणीची चावी त्यांच्या कमरेला दोरीत बांधलेली होती. अकरा वर्षे ती तिथेच आहे, असे रामचंद्र म्हणाला.

"वयनी, हे पुण्याचे साहेब."

बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "तुमीच काय ते? बरं झालं आलात. बसा, पानी आनते."

मला बसायचे नव्हते. हलर चालू करायला सांगितला आणि दोन्ही बाजूंना स्क्रूड्रायव्हर टेकवून ऐकले. मोटारीकडचे बेअरिंग बाहेरून ग्रीस न लागणाऱ्या बंद जातीचे, ते गुणगुणत होते. दुसरे, नवीन बसवून चारच महिने झालेले, दळायला लागले होते. पट्टा जास्त ताणला आहे का पाहिले, नव्हता. आस सरळ आहे का पाहिले, होता. कोंडा आत शिरत असेल म्हणावे, तर बाईंनी कडेने नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) पट्टी शिवून बसवली होती. मी इतक्या कारखान्यांत गेलो आहे, ही युक्ती कुणी केलेली पाहिली नव्हती.

यंत्र बंद करून बेअरिंगच्या घराचे झाकण काढले. वरच्या भागात काही नव्हते, कोरडे. तळाशी करड्या रंगाची पातळ पेज साचली होती आणि फटीतून ओघळून खाली जमिनीवर तिचा डाग पडला होता. कोंड्याखाली तो डाग कुणाला दिसला नव्हता. मी बोटाने घेऊन चोळले, वास घेतला. ते ग्रीस होते, पण विरघळलेले.

"बाई, ग्रीस कुठले घालता?"

"सगल्यांचं," त्या म्हणाल्या.

मला वाटले, त्यांना प्रश्न कळला नाही. त्यांनी मला खोलीच्या मागच्या भिंतीकडे नेले. तिथे एका लांब फळीवर डबे ओळीने मांडले होते. पत्र्याचे, प्लॅस्टिकचे, बिस्किटांचे, पान-मसाल्याचे, तेवीस मोजले. प्रत्येकावर रंगाने नाव लिहिलेले होते. शांताराम. गणपत. दौलत. बाळाराम तात्या. झाकणे उघडली तर आत पिवळे, लाल, निळे, काळे, हिरवट, असे जगातले सगळे ग्रीस.

हळूहळू उलगडा झाला. हलर घेतला तेव्हा वाडीतले चाकरमानी वर्गणी देऊन मोकळे झाले नाहीत. कुणी गोदीत होता, कुणी छापखान्यात, कुणी लिफ्ट दुरुस्त करणारा. गणपतीला येताना प्रत्येकाने आपल्या कामावरच्या ग्रीसचा डबा आणला. तेव्हापासून रीत पडली. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात, माणूस वाडीत आला की घरी जायच्या आधी गिरणीत शिरतो, आपल्या डब्यात बोट बुडवतो, बेअरिंगवरच्या पितळी कपात ते एक बोट ग्रीस भरतो आणि कपाची टोपी एक फेरा आवळतो, की ते आत ढकलले जाते. मग बोट दाराच्या चौकटीला पुसतो. चौकट पाहिली, ती माणसाच्या उंचीपर्यंत काळीभोर झाली होती.

"आनि जो आला नाय, तो फोन करतो," सुगंधाबाई म्हणाल्या. "माज्या नावानं एक बोट लाव गो वयनी, म्हनतो. मंग मी लावते. कुनी इसरला, तरी लावते. नाव हाय ना फळीवर."

"सगळ्यांच्या नावानं?"

"सगल्यांच्या. ह्यांच्या पन." त्यांनी एका निळ्या डब्याकडे पाहिले. त्यावर 'मारुती' लिहिले होते. तो रामचंद्राचा भाऊ.

मी तीस वर्षांत उपाशी बेअरिंगे पुष्कळ पाहिली, पण तेवीस घरांचे जेवण एका ताटात वाढलेले हे पहिलेच. मनात हसू आले आणि ते ओठांवर येऊ दिले नाही. मग फळीच्या शेवटाकडे पोचलो आणि हसू गेले.

शेवटचा डबा मी काम करतो त्या वंगणाच्या कंपनीचा होता, नमुन्याची छोटी पांढरी डबी. तिच्यावर बाईंच्या हातचे अक्षर होते: पुण्याचे साहेब. मला आठवले. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास बॅगेत एक डबी उरली होती, ती मी रामचंद्राला दिली. नवीन आहे, घेऊन जा, उष्णता चांगली सोसते. आणखी काही बोललो नव्हतो.

वंगणाशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी दोन ओळी सांगतो. ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा साबण. बहुतेक ग्रीसमध्ये साबणच असतो, आणि साबणाचे साबणाशी बऱ्यापैकी जमते. आमच्या त्या ग्रीसमध्ये मात्र साबणाऐवजी एका जातीची चिकणमाती असते. एकटे असेल तर ते उत्तम काम करते. साबणाच्या ग्रीसमध्ये मिसळले, की दोघेही तेल सोडून देतात आणि सगळे वाहून जाते. डबीवर बारीक इंग्रजी अक्षरांत 'इतर ग्रीसमध्ये मिसळू नये' असे छापलेले आहे. ते छापण्याआधी मीच तपासले होते.

"बेअरिंग पहिल्यांदा कधी गेलं?" मी विचारले.

"तुमची डबी आली ना, त्याच्या फुडच्या शिमग्याला." बाई सहज म्हणाल्या. "त्याच्या आधी नऊ वर्सं कदी गेलं नाय. तुमचं बोट मी दर सनाला लावते साहेब. तुमी येनार येनार म्हनत व्हते भावजी, पन तुमी काय आला नाय."

रामचंद्र जवळच उभा होता. मी दोघांना सांगितले, "सगळं ग्रीस मिसळलं गेलं, म्हणून ते पातळ झालं. बाईंची चूक नाही." हे खरे होते. त्यातला उरलेला भाग मी सांगितला नाही. एका डबीवर नक्की ठपका ठेवता येत नाही, प्रयोगशाळेत तपासावे लागेल, तेवीस प्रकारांत काहीही होऊ शकते, अशी वाक्ये माझ्या डोक्यात तयार होती. गिऱ्हाइकांना मी ती नेहमी ऐकवतो.

दुपारी सुगंधाबाईंच्या घरी जेवलो. नव्या तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, भाजलेली सुकट आणि वालाचे बिरडे. तांदूळ त्याच हलरवर निघालेला होता. तांदळात तुकडा कमी होता, म्हणजे लाट नीट बसवलेली होती. मी तसे म्हटल्यावर त्यांना बरे वाटले. वाढता वाढता त्या एवढेच म्हणाल्या, "चावी गेली तर घरात बसून काय करू, ह्याचा इचार करते. अकरा वर्सं सकाळी उठून तितंच जाते मी." मी पिठी मागून घेतली.

मुक्काम रामचंद्राच्या घरी केला. रविवारी सकाळी बॅग उघडली, तर गिअरबॉक्सच्या तेलाची एक बाटली गळून दोन्ही शर्ट गच्च भिजले होते. अंगातला आदल्या दिवशीच काळा झाला होता. झाकणे घट्ट लावण्याबद्दल मी लोकांना व्याख्याने देतो, तेव्हा याविषयी न बोललेले बरे. रामचंद्राने आपला एक टी-शर्ट दिला, पाठीवर वाडीच्या मुंबई मंडळाचे नाव असलेला. तो घालून मी मंडळाच्या सभेला गेलो.

सभा गिरणीसमोरच्या खळ्यात (सारवलेल्या अंगणात) होती. मुंबईहून दोन जीप भरून पंधरा-सोळा माणसे आली होती. मी लांबून पाहत होतो. जीपमधून उतरला की प्रत्येक जण आधी गिरणीत जाई आणि चौकटीला बोट पुसत बाहेर येई. जिच्याकडून चावी काढून घ्यायची होती, तिलाच "बरी हायस ना गो वयनी" असेही विचारी. अध्यक्ष बाळाराम तात्या सत्तरीचे, पांढरे बूट घातलेले, गोदीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. हलर घ्यायची कल्पना त्यांची, आणि पहिला डबाही त्यांचाच.

तात्यांनी वेळ घालवला नाही. "हे बघा, सुगंधाबद्दल कुनाचं वाईट मत नाय. पन मशीन म्हंजे मशीन. मी चाळीस साल मशीनवर काडली. बेअरिंग कोरडं गेलं, म्हंजे तेल नाय. तीन टायम गेलं. आता दुसरा मानूस ठेवायचा. चावी दे गो, रागावू नको."

सुगंधाबाईंनी पदराखालून एक फडके काढून खळ्यात उलगडले. त्यात तिन्ही निकामी बेअरिंगे होती, धुऊन पुसून ठेवलेली. मग त्यांचा हात कमरेच्या दोरीकडे गेला.

मी उभा राहिलो. म्हणालो, चावी द्यायच्या आधी दहा मिनिटे मला द्या. टी-शर्टमुळे असेल, कुणी हरकत घेतली नाही.

चुलीवर चहाचे आधण उकळत होते. त्यावर झाकायला मी एक स्टीलचे ताट मागितले. बाईंना म्हणालो, "फळीवरचे कुठलेही दोन डबे आणा." त्या आत गेल्या आणि एकच घेऊन आल्या, निळा.

"ह्यो आमच्यांचा," त्या म्हणाल्या. "कुनाला वाईट वाटायला नको. दुसरा कुटला आनू?"

एव्हाना मंडळींना अंदाज आला होता, की ज्याचा डबा येईल त्याच्या माथी काहीतरी बसणार. गणपत शांतारामकडे बघत होता आणि शांताराम पायाच्या अंगठ्याकडे. मला मात्र एक गोष्ट पक्की ठाऊक होती. बाकीच्या एकवीस डब्यांतला कुठलाही आणला असता, तरी साबणात साबण मिसळून ताटावर फारसे काही दिसले नसते, आणि बाईंची चावी गेली असती. दिसेल असे एकाच डबीने होणार होते.

"दुसरी माझी आणा," मी म्हणालो. "शेवटची, पांढरी."

ताटावर एका बाजूला मारुतीच्या डब्यातले बोटभर ग्रीस ठेवले. दुसऱ्या बाजूला माझे. मधे दोन्ही घेऊन सुरीने शंभर वेळा घोटले. ताट आधणावर ठेवले. मंडळी वाकून बघत होती. थोड्या वेळाने ताट फडक्याने धरून तिरके केले. कडेचे दोन्ही गोळे जागचे हलले नाहीत. मधला ओघळला, ताटाच्या काठावर आला आणि टपकन खळ्यात पडला.

मग मी सांगितले, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. बाई तेल देत होत्या, गरजेपेक्षा जास्तच देत होत्या. ते असे वाहून गेले म्हणून बेअरिंग कोरडे दिसले. नऊ वर्षे तुमचे सगळे ग्रीस एकमेकांशी कसेबसे नांदले. दोन वर्षांपूर्वी मी ही डबी पाठवली आणि कशात मिसळू नका, हे सांगितले नाही. ते सांगणे हा माझा धंदा आहे. तिन्ही बेअरिंगे माझ्यामुळे गेली.

बोलून झाल्यावर मला फार वाईट वाटले. तीस वर्षांत मी किती ठिकाणी गेलो, किती जणांची चूक शोधून काढली आणि ती शोधताना मला किती बरे वाटत असे, हे सगळे त्या खळ्यात एकदम आठवले. सुगंधाबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर सोपे गेले असते.

तात्यांनी ताट हातात घेऊन स्वतः एकदा तिरके करून पाहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे साहेब, बंद करायचं? सगल्यांचं?"

"मशीनला एकच ग्रीस. महाडच्या बाजारात मिळतं, नाव लिहून देतो. आधी बेअरिंगचं घर रॉकेलनं धुवायचं. मग महिन्यातून एकदा, बाईंच्या हातानं. दुसऱ्या कुणाचं बोट नको."

"मंग आमी हात कुटं लावायचा?"

हा प्रश्न मला कुठल्याही कारखान्यात कुणी विचारला नव्हता.

सुगंधाबाई उठल्या. फडक्यावरच्या तीन बेअरिंगांतले एक त्यांनी उचलले, गिरणीच्या दारापाशी गेल्या आणि चौकटीवरच्या जाड खुंटीला ते घातले. खुंटीवर ते गच्च बसले. त्यांनी बाहेरच्या कड्याला बोटाने धक्का दिला, ते करकरत अर्धा फेरा फिरून थांबले.

"हितं लावा," त्या म्हणाल्या. "हे काय आता बिगडनार नाय."

तात्यांनी पांढरे बूट झटकले, आत जाऊन आपला डबा आणला आणि त्या बेअरिंगला एक बोट ग्रीस लावून ते फिरवले. मग बाकीचे रांगेने आले. सगळ्यांनी पुन्हा एकदा लावले, कारण सकाळचे आता धुतले जाणार होते. निळ्या डब्यातले बोट सुगंधाबाईंनी सर्वांत शेवटी लावले आणि कडे जरा जास्त वेळ फिरवले. चावीचा विषय कुणी काढला नाही. ती त्यांच्या कमरेलाच होती.

दुपारी रामचंद्र आणि मी बेअरिंगचे घर रॉकेलने धुतले. नवे ग्रीस आणायला त्याला खाली महाडला जावे लागणार होते, म्हणून मी त्याला गाडीतून तिथवर न्यायचे ठरले. निघताना मी फळीवरची माझी डबी उचलून बॅगेत टाकू लागलो. तेवढी तरी इथून न्यावी, असे वाटले.

"साहेब, ती ऱ्हाऊ द्या," सुगंधाबाई म्हणाल्या. "नाव घातलंय तिच्यावर. आनि तुमचं बोट लावायचं राहिलंय."

जिथे गरज नाही तिथे ग्रीस लावू नका, हे वाक्य मी आयुष्यात हजारो वेळा म्हटले असेल. समोर खुंटीवर एक बेअरिंग होते. त्यात कुठला आस फिरत नव्हता, त्यावर कसला भार नव्हता, आणि त्याला आधीच सोळा-सतरा जातींचे ग्रीस माखलेले होते. मी डबीत बोट बुडवले, ते लावले आणि कडे फिरवले. ते आता करकरत नव्हते. बोट चौकटीला पुसले.

महाडला ग्रीसचे दुकान रविवारचे बंद होते. रामचंद्राने दुकानदाराच्या घरी जाऊन डबा मिळवला आणि तो डबा मांडीवर घेऊन पोलादपूरच्या एसटीत बसला. मी ताम्हिणीने परत निघालो. घरी पोचलो तेव्हा बायकोने पाठीवरचे नाव वाचले आणि कुठे नोकरी बदलली का, असे विचारले. मी हो म्हणालो.

माझी एक वही आहे. मी पाहिलेले प्रत्येक यंत्र तिच्यात आहे, आणि त्यापुढे चार रकाने: जागा, ग्रीस कुठले, किती, केव्हा. सोमवारी कामावर जाण्याआधी वही उघडून महाडच्या गिअरबॉक्सची नोंद केली. खाली वाडीच्या हलरची केली. पेन बंद करून ठेवले, आणि पुन्हा उघडून आणखी एक ओळ लिहिली.

गिरणीचे दार, खुंटीवरचे बेअरिंग. ग्रीस: कुठलेही. प्रमाण: एक बोट. केव्हा: येईल तेव्हा, न आल्यास सुगंधाबाई.